सारंगांच्या काळ्या गाडीचं पॉलिश

सोमवार, ११ फेब्रुवारी १९६३

रंग पुन्हा उडाला! आज सकाळी, पॉलिश करताना, बॉनेटच्या मधल्या उंचवट्यावर. पंजाएवढा काळा गेला आणि खालचा तांबडा प्रायमर वर आला.

हे जेवायला आले ते हात न धुताच पाटावर बसले. मी भात वाढला, कढी ओतली. हे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "नर्मदे, हात गेलो माझो." एवढंच. ताट तसंच ठेवून उठले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

डिसेंबरात वेंगुर्ल्याच्या काजूवाल्या शेटची हिरवी गाडी होती, तिचंही असंच झालं होतं. तेव्हा भाईंनी सांभाळून घेतलं. गॅरेज भाईंचं, आणि शेटही त्यांच्या ओळखीचा. पण ही काळी ऑस्टिन मालवणच्या भिकाजी सारंगांची आहे. तीस वर्षं आगबोटींवर काढून माणूस घरी आला आणि गोव्यातून ही गाडी घेतली. गाडी सोडताना भाईंना म्हणाले होते, "बॉनेटात माझ्या मिशीचो एकेक केस दिसाक होयो!"

आज भाई चार माणसांसमोर ह्यांना म्हणाले, "गंगाराम, तू आपलो स्प्रे मार. पॉलिशाक हात लावू नको."

चार माणसांसमोर!

मंगळवार, १२ फेब्रुवारी

मुंबईचं बोलणं निघालं. ह्यांचा मावसभाऊ हरिश्चंद्र गोदीत आहे, तो चिकटवून देईल म्हणे. "पाडवो झालो की जातंय." म्हणजे ओझी उचलायला. सावंतवाडीत ह्यांच्यासारखा एकसारखा स्प्रे मारणारा दुसरा माणूस नाही — बायको म्हणून लिहीत नाही, सगळे म्हणतात. आणि तो माणूस गोदीत ओझी उचलणार.

मी चहा केला. चहात साखर घालायला विसरले. ह्यांना कळलंही नाही.

बुधवार, १३ फेब्रुवारी

आज डबा घेऊन मीच गॅरेजवर गेले. भाई बाजारात होते, हे मागे विहिरीवर. गाडीजवळ कोणी नव्हतं. बॉनेटच्या आतल्या कडेला, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं, अंगठ्याचं नख दाबून बघितलं.

नख रुतलं! कोर उमटली ती तशीच राहिली. रंग मारून सहा दिवस झालेत. वरून सुकलेला, आत कच्चा. घाईत उलथलेली आंबोळी असते तसा.

मग पॉलिशचं खोकं उघडलं. नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड गादी, वापरून वापरून खपलीसारखी कडक झालेली. मुंबईचा कंपाउंडचा डबा. त्यातलं बोटभर काढून चोळलं — वाळू! बारीक, पण वाळूच. उन्हापावसानं मेलेला जुना रंग खरवडून काढायची ती वस्तू. ती ह्यांनी चार दिवसांच्या ओल्या रंगावर चालवली. डिसेंबरातही तेच केलं असणार. मुंबईत हे जुन्याच गाड्या घासायला शिकले. नव्या रंगाचं तिथं कोणी सांगितलंच नसेल.

हात नाही गेला! गादी चुकली, मसाला चुकला, आणि घाई झाली.

घरी आल्यावर हळूच म्हटलं, "अहो, रंग अजून ओलो आसा."

"तुका लाखेतला कळता," हे म्हणाले. "ह्या रंगातला नाय कळाचा."

तेही खरंच. बाबा चितारी होते, लाकडी खेळणी रंगवायचे. चितारआळीत आमच्या पडवीत कातणीच्या चरकावर लाकडाची फळं फिरायची, बाबा लाख चढवायचे, आणि केवड्याचं पान धरून झिलई द्यायचं काम माझं. सात वर्षांची असल्यापासून लग्न होईपर्यंत. पण लाख ती लाख. मोटारीचा रंग मोटारीचा.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

ह्यांनी बॉनेट सगळं घासून नव्यानं स्प्रे मारला. सोबत एका जुन्या पत्र्यावरही मारला, काळा जुळतो का बघायला. मी म्हटलं, "तो पत्रो घरात आणा, चुलीमागे लावूक बरो."

खोटं बोलले. इथं लिहून ठेवते म्हणजे निदान कुठंतरी खरं राहील.

सोमवार, १८ फेब्रुवारी

सारंग आले होते. मी डबा घेऊन नेमकी दारात. आवाज असा की तलावापलीकडे जावा. बोटीवर वाऱ्यातून ओरडायची सवय! बॉनेट बघितलं — रंग नवा, पण झळाळी नाही, संत्र्याच्या सालीसारखी बारीक पुरळ. भाई म्हणाले, "पॉलिश केल्यार जातला ता."

"आणि रंगय जातलो, गेल्यावारी गेलो तसो!" सारंग म्हणाले. मग आवाज एकदम खाली आला. "भाई, आयक. तीस वर्सां मी बोटीर आणि काशी दारात. माझी वाट बघूचा सोडून तिना काय्येक केल्यान नाय. पाडव्याक तिका तिच्या म्हायेराक, आंबोलीक, माझ्या गाडयेतसून नेतलंय. तिका सांगून चुकलंय मी."

पाडव्यापर्यंत झालं नाही तर गाडी बेळगावला नेणार. भाई म्हणाले, न्यायची गरज नाही, बेळगावचा कारागीरच इथं आणतो, मार्चच्या वीस तारखेला. तो आला की ह्यांचं गॅरेजमधलं नाव संपलं.

हे मागे उभे राहून सगळं ऐकत होते. हातातली स्प्रेची गन पुसत. पुसून झालेली गन पुन्हा पुसत.

बुधवार, २० फेब्रुवारी

पत्रा परसात, आंब्याखाली मांडला. खडूनं चौकोन पाडले. ह्यांच्या खोक्यातून थोडं थोडं सगळं आणलंय, आणि घरातलंही.

पहिला चौकोन — नमदा आणि मुंबईचा कंपाउंड. दहा वेळा फिरवला आणि रंग नमद्यावर आला. काळा काळा! हेच झालं होतं.

दुसरा — तोच कंपाउंड, पण मलमलीच्या फडक्यावर. रंग टिकला. पण उन्हात तिरका धरला तर गोल गोल ओरखडे, कोळ्याच्या जाळ्यासारखे. पांढऱ्या गाडीवर चाललं असतं. काळ्यावर? सारंगांच्या मिशीचं जाळं होईल!

तिसरा — दातांची पांढरी पूड आणि पाणी. ओरखडा नाही. चमकही नाही. दात मात्र खूश झाले असते.

रविवार, २४ फेब्रुवारी

केवडा हरला.

मला केवढी खात्री होती! माझ्या मोठ्या भावाला, शंकरदादाला, सांगून ओढ्याकाठचं पान आणवलं. काटे काढले, पान सोललं, अगदी बाबा करायचे तसं. लाखेवर हेच पान धरलं की फळ आरशासारखं व्हायचं. पण तिथं लाकूड फिरायचं, लाख तापायची आणि पानाखाली पसरायची. हा रंग पसरत नाही. पानाच्या शिरा त्यावर रेघा ओढून गेल्या. चौथा चौकोन बाद.

रडले. पानासाठी नाही. बाबांचं सगळं काही इथं उपयोगी पडेल असं मनात धरलं होतं म्हणून.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

शंकरदादा म्हापशाहून आला. बाबांचं खेळण्यांचं दुकान आता तोच बघतो. त्याला सांगितलं होतं तसं त्यानं कोकराच्या लोकरीची पॉलिशची टोपी आणली. मऊ! गालावर ठेवली तर लाज वाटावी इतकी मऊ. गोव्यात पोर्तुगीजांच्या वेळच्या परदेशी मालातली अजून उरलीय.

गोव्याच्या हद्दीवर, इन्सुलीच्या नाक्यावर, शिपायानं तीच उलटीपालटी करून विचारलं, "हे काय आहे?" दादा म्हणाला, "टोपी आहे साहेब." शिपाई म्हणाला, "घालून दाखवा." दादानं घातली! सगळी एसटी हसली म्हणे. आज पंधरा दिवसांनी मीही हसले.

टोपी हातात धरून घासायची. तोच कंपाउंड लावून पाचव्या चौकोनावर फिरवली. पुरळ गेली, रंग राहिला. पण जाळं अजून आहे, फिकं. म्हणजे गादी सापडली. आता मसाला हवा.

नखाची खूण रोज करून बघतेय. आज तेरावा दिवस. अजून उमटते, पण उथळ.

रविवार, ३ मार्च

सापडलं!! पेज निवळताना सापडलं!

पेजेचं पाणी वर, शितं खाली. मी वाढायचा डवला हातात धरून तशीच उभी. बाबा रंग असेच निवळायचे! दगडी रंग वाटून पाण्यात कालवायचा, जड, भरड खर खाली बसू द्यायची आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. त्या पाण्यातून जे सावकाश खाली बसेल ते सगळ्यात बारीक. फळाच्या गालावरची लाली त्याची काढायचे.

कंपाउंड का निवळू नये?

पेज करपली. हे म्हणाले, "वास येता." येऊ दे!

मंगळवार, ५ मार्च

तीन वाट्या. पहिल्या वाटीत कंपाउंड रॉकेलात कालवला, ढवळला, शंभर मोजले, वरचं गढूळ दुसऱ्या वाटीत ओतलं. तळाला जी खर उरली ती बोटांत धरली — करकर! हीच ओरखडे काढत होती. दुसरीतलं पुन्हा ढवळलं, आता पाचशे मोजले, वरचं तिसरीत. तिसरी वाटी झाकून दुपारभर कोनाड्यात ठेवली. चार वाजता वरचं रॉकेल काढलं तर तळाला सायीसारखा पातळ थर.

अंगठ्याच्या नखावर चोळून बघितला. ओरखडा नाही. नख चमकलं!

गुरुवार, ७ मार्च

लोकरीची टोपी सपाट जागेला उत्तम, पण वळणावर, कडेवर फार खाते. कडेला रंग पातळ असतो — स्प्रे तिथं टिकतच नाही, दोन्हीकडे घसरतो. कडेसाठी वेगळी गादी हवी, बोटाला कळेल अशी. उशीतला सावरीचा कापूस काढून मूठभर गोळा केला, वर धुऊन धुऊन विरलेल्या जुन्या लुगड्याचं फडकं. काठ फाडून टाकला. काठाची जाड वीण रेघ ओढते, तेही पत्र्यावरच शिकले.

एक गादी जमिनीवर पडली. झटकली आणि पुन्हा वापरली. एक वाळूचा कण! सबंध चौकोन गेला. आता नियम — पडलेली गादी चुलीत.

शनिवार, ९ मार्च

गल्लीत होळीची लाकडं रचताहेत, पोरांची बोंब चाललीय. मी परसात पत्रा उन्हाला धरून बसलेय आणि त्यात मला माझी नथ दिसतेय. तीन मोती. तिन्ही वेगळे! वर आंब्याची पानं, पानांमधलं आभाळ. जाळं नाही, पुरळ नाही, रंग जागचा जागी.

मी जिंकले. कोणाला ठाऊक नाही. पत्र्याला ठाऊक आहे!

सोमवार, ११ मार्च

ह्यांना पत्रा दाखवला. आधी चुलीमागचा तोच हे पटेना त्यांना. उलटा करून मागची गंजलेली बाजू बघितली, पुन्हा सुलटा केला. बोट फिरवलं. मी सगळं सांगितलं — नख, नमदा, तीन वाट्या, सावर. ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही.

"बरा झाला," म्हणाले.

"मगे तुमी सारंगांची गाडी —"

"माझो हात त्या गाडयेक लागाचो नाय. भाईन सगळ्यांदेखत सांगल्यान."

"मगे मी?"

हे उठून बाहेर गेले. नको म्हणाले नाहीत. मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. नको म्हणाले नाहीत.

बुधवार, १३ मार्च

पत्रा फडक्यात गुंडाळून गॅरेजवर गेले. शंकरदादा सोबत. भाईंनी पत्रा घेतला, दारात उजेडाला नेला. परत आले तेव्हा चष्मा कपाळावर होता.

"कोणी केल्यान ह्या? गंगारामान?"

"मी केलंय."

भाई दादाकडे बघायला लागले. दादा छपराकडे.

"वयनी, ह्या गॅरेज आसा, सोयपाकघर नाय. लोक काय म्हणतले?"

मी म्हटलं, "भाई, बेळगावचो कारागीर वीस तारखेक येतलो. त्याच्या आदी एक दरवाजो माका द्या. मागचो, डावो. बिघाडलो तर तो घासून नीट करतलो. तुमचा काय जाता?"

एवढं लांब वाक्य मी परपुरुषासमोर जन्मात बोलले नव्हते. भाई मिशीतल्या मिशीत हसले. म्हणाले, "आज कर."

"आज नको, सोमवारी. नखाची खूण अजून पुरी गेलेली नाय."

"म्हंजे तूच माका थांबयतंस?"

"मी नाय. रंग थांबयता."

सोमवार, १८ मार्च

नख उमटलं नाही! बॉनेटाला महिन्यावर तीन दिवस झालेत, दरवाज्याला तर जास्तच. आज सुरू केलं.

लुगड्याचा पदर खोचून दरवाज्यासमोर पाटावर बसले. गाडी आधी दोनदा धुतली. हे मागच्या अंगणात एका ट्रकची केबिन रंगवताहेत, मध्ये फक्त भिंत. त्यांच्या गनचा आवाज मला येतो, माझा त्यांना येत नसणार. घासण्याला कुठं आवाज असतो?

टोपीनं पहिला हात उत्तम. पुरळ खाली बसली. मग कडेकडे वळले, हात लांब केला — आणि कर्रर्र! वीतभर लांब, केसासारखी बारीक रेघ.

बांगड्या. माझ्याच काचेच्या बांगड्या.

भाई लांबून बघत होते की नाही कळलं नाही. पदरानं हात झाकला. फडकं गुंडाळून बघितलं, ते ओघळतं. सुतळीनं बांधलं तर मनगट वळत नाही.

मंगळवार, १९ मार्च

सकाळी अंघोळ करून बांगड्या काढल्या. देवासमोर ठेवल्या. आईनं बाबा गेले त्या दिवशी काढल्या होत्या, तेव्हाच मी असे मोकळे हात बघितलेत.

हे अंघोळीहून आले. देवाला हात जोडायला उभे राहिले आणि तसेच थांबले. माझ्या मनगटांकडे बघितलं.

"नर्मदे, मी जिवंत आसंय मा गो?"

 मी म्हटलं, "रंगार चरो पडता."

मी वाट बघितली. ओरडतील, पत्रा फेकतील. हे देवासमोर वाकले, बांगड्या उचलल्या, मोजल्या, पुसल्या, आणि पुन्हा तिथंच ठेवल्या. नीट, एकीत एक.

दिवसभर मनगटं हलकी. रेघ निघाली! निवळीच्या सायीनं, सावरीच्या गादीनं, बोटाच्या टोकानं. तासभर लागला. संध्याकाळी पाच वाजता दरवाजा पुरा झाला.

भाई आले. उकिडवे बसले. दरवाज्यात स्वतःकडे बघून टोपी सरळ केली. मग उठले, आत गेले आणि टेबलावर बसून पोस्टकार्ड लिहायला लागले. मोठ्यानं वाचत लिहायची त्यांना सवय. आणि लिहायचं म्हटलं की शुद्ध भाषा! "आपण येण्याची तसदी घेऊ नये. काम इथेच होत आहे."

इथेच होत आहे!!

गुरुवार, २१ मार्च

उजवे दोन्ही दरवाजे, मागचा डिकीचा भाग झाला. हात भरून आले आहेत, चमचा धरवत नाही. गॅरेजमधली माणसं आधी हसायची, आता लांबून जातात, धूळ उडू नये म्हणून.

एक गोष्ट. सकाळी गेले तर गाडीभोवतीची सगळी जमीन ओली केलेली. नुसती शिंपडलेली नाही, हळू हातानं, चिखल होणार नाही अशी. बाजूला स्वच्छ पाण्याची घागर, वर झाकण. मी भाईंना विचारलं. ते म्हणाले, मी नाय. कामाच्या माणसांना विचारलं. कोणी नाही.

मी आणखी विचारलं नाही. घागरीच्या झाकणावर काळ्या रंगाचे अंगठ्याएवढे दोन ठिपके होते.

शुक्रवार, २२ मार्च

आजही ओली.

घरी मात्र तोंड बंद. ट्रंक काढून पुसलीय. तीस तारखेचं एसटीचं तिकीट काढलंय.

रविवार, २४ मार्च

बॉनेट! मधला उंचवटा — जिथं रंग उडाला तोच. तिथं टोपी लावलीच नाही. सगळा सावरीच्या गादीनं, जोर न देता. गादी आपल्या वजनानंच फिरवायची, आपण फक्त दिशा दाखवायची. मध्ये दोनदा वाटलं तांबडं दिसलं. उजेडाचा भास!

तीन वाजता शेवटचं फडकं मारलं. भाई म्हणाले, "आता मेणाचा पॉलिश मार, आणखी झळाळतला."

"अजून महिनोभर मेण नको. आतलो वास पुरो निघान जाऊ दे."

भाईंनी डब्याचं झाकण लावलं. मुकाट्यानं! भाईंनी!

मंगळवार, २६ मार्च. पाडवा



सकाळी गुढी उभारून, बांगड्या घालून गॅरेजवर गेले. सारंग काशीबाईंना घेऊन आलेले. ड्रायव्हरही सोबत. काशीबाई बारीक चणीच्या, हिरवं लुगडं, एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाची एवढी शांत बायको! सारंग सरळ बॉनेटपाशी गेले. वाकले. डावी मिशी. उजवी मिशी. मग मान तिरकी करून सूर्याकडून बघितलं, अगदी जाणत्यासारखं. भाईंचा हात कानाला.

"एक केस पांढरो झालो हा," सारंग म्हणाले. "कोणीच सांगूक नाय माका!"

सगळं गॅरेज हसलं. मग त्यांनी विचारलं, "बेळगावचो तो कारागीर खंय? त्याका नारळ देवचो आसा."

भाई माझ्याकडे बघायला लागले. मी खाली. भाई म्हणाले, "कारागीर ही. आमच्या गंगारामाची बायल."

 सारंगांच्या हातात नारळ तसाच. काशीबाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि माझ्या ओटीत घातला. मग दरवाज्याजवळ गेल्या. मी पहिला केलेला, डावा मागचा. त्यात बघून त्यांनी आपलं कुंकू नीट केलं. कोपऱ्यात पसरलं होतं ते करंगळीनं पुसलं. आरशात करतात तसं. आत बसल्या.

मला वाटतं मला ह्याहून मोठं बक्षीस कोणी देणार नाही.

गाडी निघाली. काळ्या दारातून सबंध बाजार सरकत गेला — दुकानं, गुढ्या, माणसं. तिठ्यावर वळली तेव्हा सारंगांनी इतका मोठा भोंगा वाजवला की बंदरात बोट लागली असं वाटावं.

मागे वळून बघितलं. भिंतीच्या कोपऱ्याशी हे उभे होते. हातात गन. कधीपासून होते कोण जाणे. मला बघितलं आणि आत गेले.

बुधवार, २७ मार्च

वेंगुर्ल्याच्या काजूवाल्या शेटचा निरोप. हिरवी गाडी पुन्हा आणतोय. "त्या बाईकडे द्या" म्हणाला.

भाईंनी मला गॅरेजच्या पुढच्या बाजूला वेगळी जागा दिली. वर ताडपत्री, खाली फरशी.

आनंद करायचा की नाही? घरात ट्रंक भरली जातेय. दोन सदरे, पंचा, ब्लेडची पुडी. मी चिवड्याचा डबा भरला. त्यांनी तो आत ठेवला. माझं नाव झालं म्हणून ते चाललेत का? की आधीच ठरलं होतं म्हणून? विचारायचा धीर होत नाही. पत्रा हातात घेतलेली मी, भाईंसमोर बोललेली मी — इथं गप्प.

शुक्रवार, २९ मार्च

उद्या.

शनिवार, ३० मार्च

एसटी सातला होती. ट्रंक दारात. हे वहाणा घालून उंबऱ्यात उभे राहिले, मी देवासमोरचा अंगारा आणायला आत गेले. परत आले तर वहाणा काढलेल्या आणि हे पाटावर बसलेले. समोर माझ्या तीन वाट्या.

"नर्मदे, माका शिकव."